गावाचं आडनाव

शिरडकर आडनावाचा माणूस शोधायचा असेल तर शिरड शहापूरला जाऊ नये. तो वसमतला सापडेल, नांदेडला सापडेल, पुण्यातल्या एखाद्या सोसायटीच्या पाटीवर सापडेल. गावात मात्र कुणी कुणाला शिरडकर म्हणत नाही. जिथे सगळेच शिरडचे, तिथे त्या नावाने हाक तरी कुणाला मारणार? 'कर' लागतो तो गाव सोडल्यावर, आणि तो लावणारे आपण नसतो. ज्या गावात जाऊन राहिलो तिथले लोक असतात. वाण्याच्या वहीत उधारी मांडायची आहे, गणपतराव दोन आहेत, मग एक नुसते गणपतराव आणि दुसरे 'ते शिरडकर'. पुढे पोराला शाळेत घालताना मास्तर तेच लिहून घेतात आणि आडनाव पक्कं होतं.

दुर्मीळ आडनावांवर आपल्याकडे गप्पा भरपूर रंगतात. खाण्यापिण्याची आडनावं, जनावरांची आडनावं, ऐकताच हसू फुटेल अशी आडनावं यांच्या याद्या घरोघरी पाठ असतात. गजानन वामनाचार्यांसारख्यांनी चिकाटीने मोठे संग्रहही केले. मला मात्र आडनावाच्या अर्थापेक्षा त्याच्या वाटेत जास्त रस आहे: ते कुणी कुणाला दिलं, कुठे दिलं आणि कुठल्या कागदावर पहिल्यांदा चढलं. त्यासाठी हिंगोली जिल्ह्याएवढं चांगलं मैदान दुसरं नाही. इथे माणसं गावांची नावं लावतात हे तर आहेच, पण गावंसुद्धा माणसांची आडनावं लावतात.

शिरड शहापूर हे औंढा नागनाथ तालुक्यातलं मोठं गाव, वसमतहून औंढ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं. हा सगळा पट्टा हळदीचा आणि उसाचा. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, त्यामुळे पन्नाशी ओलांडलेल्यांच्या शाळेच्या दाखल्यावर अजून 'जि. परभणी' असतं. गावाचं नाव दुहेरी का, हे समजायला नुसतं 'शहापूर' म्हणून बघावं. ठाणे जिल्ह्यात शहापूर, बेळगावात शहापूर, कर्नाटकात यादगीरकडे शहापूर. शहापूरकर आडनावाचा माणूस भेटला तर तो यातल्या कुठल्या शहापूरचा, हे आडनावावरून अजिबात कळत नाही. 'शिरड' लावलं की मग पत्ता लागतो. दोन गणपतरावांना जी अडचण, तीच दोन शहापुरांना.

ही अडचण जिल्ह्याने ज्या पद्धतीने सोडवली आहे ती एसटीच्या पाट्यांवर वाचायला मिळते. औंढा नागनाथ, नर्सी नामदेव, आखाडा बाळापूर, जवळा बाजार, जवळा पांचाळ. एका गावाने देव घेतला, एकाने संत, एकाने शेजारचं गाव, एकाने आपला बाजार. वसमत तालुक्यात पांगरा शिंदे आहे. जमिनीखालून येणाऱ्या गूढ आवाजांमुळे हे गाव अधूनमधून वर्तमानपत्रांत झळकतं, आणि दर वेळी 'शिंदे' हे आडनाव लावूनच झळकतं, कारण नुसते पांगरे महाराष्ट्रात पुष्कळ. औंढ्याकडे येहळेगाव सोळंके आहे. गावाचं नाव येहळेगाव, आडनाव सोळंके. शाळेच्या हजेरीपटावर एखादं पोर उभं करावं तसं हे गाव महसुलाच्या दप्तरात उभं आहे.

येहळेगाव दुसरंही आहे, कळमनुरी तालुक्यात. ते येहळेगाव तुकाराम. हे तुकाराम देहूचे नव्हेत. एकोणिसाव्या शतकात या गावात तुकाराम चैतन्य, म्हणजे लोकांचे तुकामाई, होऊन गेले. साताऱ्याकडच्या गोंदवले बुद्रुकचा एक तरुण गुरू शोधत देशभर फिरला आणि अखेर या तुकामाईंकडे थांबला. त्याचं नाव गणपती रावजी घुगरदरे. घुगरदरे हे आडनाव वाचकांपैकी किती जणांनी ऐकलं असेल? १८४५ साली जन्मलेला हा माणूस १९१३ मध्ये गेला तेव्हा हजारो लोक त्याला गोंदवलेकर महाराज म्हणून ओळखत होते. घुगरदरे हे घराण्याचं दुर्मीळ आडनाव मागे पडलं आणि गावाचं नाव पुढे आलं. गुरूचं नाव गावाला लागलं आणि गावाचं नाव शिष्याला. हा व्यवहार इतका नेटका आहे की कादंबरीत घातला तर संपादक म्हणेल, जरा जास्तच जुळवलंय.

शिरड शहापूरकडे परत येतो, कारण तिथला सर्वांत प्रसिद्ध रहिवासीही बाहेरून आलेला आहे. गावातलं मल्लिनाथाचं दिगंबर जैन मंदिर हे 'अतिशय क्षेत्र', म्हणजे चमत्काराचं स्थान, मानलं जातं आणि लांबून भाविक येतात. परंपरा सांगते की एकोणिसाव्या तीर्थंकरांची ही काळ्या पाषाणाची मूर्ती मूळची नांदेडजवळच्या अर्धापूरची. सुमारे तीनशे वर्षांपूर्वी कारंजाच्या भट्टारकांनी, म्हणजे तिथल्या जैन पीठाच्या प्रमुखांनी, ती तिथून हलवली, कारंजाकडे नेता नेता शिरड शहापुरात मुक्काम पडला आणि मूर्ती तिथेच राहिली. माणसाला जो न्याय तो देवाला लावला असता तर या देवाचं आडनाव अर्धापूरकर झालं असतं. पण देवाला आडनाव लागत नाही. उलट देवच गावाला लागतो. जैन यात्रेकरूंच्या तोंडी हे गाव 'मल्लिनाथांचं शिरड शहापूर' असतं.

या भागातल्या जैन कुटुंबांची आडनावं ऐकण्यासारखी आहेत. सैतवाल जैनांमध्ये गावावरून पडलेली करान्त आडनावं आहेत, तशी कामावरून आणि मानावरून पडलेलीही. 'संघई' घ्या. यात्रेला निघालेल्या संघाचा खर्च आणि जबाबदारी अंगावर घेणारा तो संघपती. त्याचा कुठे संघवी झाला, कुठे सिंघई, आणि वऱ्हाडात संघई. एका पूर्वजाने एकदा लोकांना शिखरजीला किंवा गिरनारला नेऊन आणलं आणि पुढच्या दहा पिढ्यांच्या रेशनकार्डावर त्या यात्रेची नोंद राहिली. भट्टारकांचा इतिहास ज्यांनी कोरीव लेख आणि पोथ्यांच्या प्रशस्त्या चाळून उभा केला, त्या डॉ. विद्याधर जोहरापूरकरांचं आडनावही करान्तच. त्यांचा 'भट्टारक संप्रदाय' हा ग्रंथ १९५८चा. त्यात नावांचा पसारा इतका आहे की आडनावांचा अभ्यास करणाऱ्याने तो इतिहासासाठी नाही तरी नावांसाठी वाचावा.

आता ज्या आडनावासाठी हा सगळा फेरा मारला त्याकडे येतो. शिरडहून औंढा, औंढ्याहून हिंगोली आणि हिंगोलीच्या पलीकडे कयाधूकाठी नर्सी. संत नामदेवांचं गाव म्हणून आज शासनाच्या कागदांवरही ते नर्सी नामदेव. शके ११९२च्या कार्तिक शुद्ध एकादशीला, म्हणजे २६ ऑक्टोबर १२७० रोजी नामदेवांचा जन्म. वडील दामाशेटी, आई गोणाई, पत्नी राजाई. नारा, विठा, गोंदा, महादा ही मुलं आणि लिंबाई ही मुलगी. जात शिंपी, आडनाव रेळेकर.

रेळेकर. नर्सीकर नव्हे. पहिल्या परिच्छेदातला नियम इथे तंतोतंत लागू पडतो. नर्सीतल्या माणसाला नर्सीकर कोण म्हणणार? आडनावाचा साचाच सांगतो की रेळे नावाच्या ठिकाणाशी या घराण्याचा संबंध होता आणि ते तिथून निघालेलं होतं. कापड घेऊन गावोगाव जाणाऱ्या शिंप्याच्या घराण्याला हे शोभण्यासारखंच आहे. नामदेव नर्सीत जन्मले की पंढरपुरात, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. पंढरपूरवाल्यांचं म्हणणं असं की दामाशेटी आधीच नर्सी सोडून पंढरीला आले होते. एवढ्या वादात आडनाव मात्र दोन्ही बाजूंचं ऐकून घेतं. ते दोन्ही गावांच्या बाहेरचं आहे.

रेळेकर घराणी आजही आहेत, मुख्यतः नामदेव शिंपी समाजात, पण थोडी. जाधव-पवार-शिंदे यांच्या गर्दीत हे आडनाव शोधून काढावं लागतं. १९७० साली नामदेवांच्या सातशेव्या जन्मवर्षी शासनाने गाथा छापली, त्याच सुमारास 'श्रीनामदेव दर्शन' हा जाडजूड ग्रंथ निघाला. त्याच्या संपादकांत पहिलं नाव डॉ. नि. ना. रेळेकरांचं आहे. सातशे वर्षांनी त्याच आडनावाचा माणूस नामदेवांवरच्या ग्रंथाचं संपादन करतो, यात मला मोठी गंमत वाटते.

खुद्द नामदेवांनी मात्र आडनाव कुठे वापरलं? अभंगात ते 'नामा' म्हणून येतात. संतांनी आडनावं टाकली, असं भाविकपणे म्हणायची पद्धत आहे. मला तसं वाटत नाही. त्या काळात ओळख देण्यासाठी आडनावाची गरज फारशी नव्हती. कामावरून भागत होतं. गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी. तुकोबांच्या घराण्याचं मोरे आणि आंबिले हे दोन्ही उल्लेख अभ्यासकांना माहीत असतात. वारकऱ्याला तुकाराम पुरे. पण या 'पुरे'ची किंमत संशोधकांनी मोजली. सोळाव्या शतकात, एकनाथांच्या काळात, विष्णुदास नामा नावाचा कवी झाला. त्याने ओवीबद्ध महाभारत रचलं. त्याच्या आणि नामदेवांच्या रचना गाथांमध्ये अशा मिसळल्या की हा अभंग तेराव्या शतकातल्या नाम्याचा की तीनशे वर्षांनंतरच्या, यावर विद्वानांनी उभी हयात घालवली. भाषा बघा, संदर्भ बघा, पोथीची परंपरा बघा. वाण्याच्या वहीतली दोन गणपतरावांची अडचण इथे वाङ्मयाच्या इतिहासाला आली. शेवटच्या चरणात एकदा तरी 'रेळेकर' असतं तर प्रबंधांची कितीतरी पानं वाचली असती.

औंढ्याला एक वेगळंच प्रकरण आहे. नामदेवांचे गुरू विसोबा खेचर त्यांना इथे नागनाथाच्या देवळात भेटले अशी कथा. पिंडीवर पाय ठेवून झोपलेला म्हातारा आणि त्याचे पाय उचलून जिकडे ठेवावेत तिकडे पिंड, हे सर्वांना माहीत आहे. आडनावाच्या दृष्टीने बघायचं ते 'खेचर'. विसोबा आधी चाटी, म्हणजे कापडाचा व्यापारी, विसोबा चाटी. आळंदीला ज्ञानदेवांच्या भावंडांना त्यांनी छळलं, मांड्यांसाठी मुक्ताबाईला कुंभाराकडून खापर मिळू दिलं नाही, मग ज्ञानदेवांनी पाठ तापवून दिली; ते पाहून विसोबा वरमले, उष्टं खायला धावले आणि तेव्हा त्यांना 'खेचर' म्हणून हटकलं गेलं, ही एक परंपरा. खेचर म्हणजे इथे त्या नावाचं जनावर. दुसरी परंपरा योग्यांची: ख म्हणजे आकाश, त्यात संचार करणारा तो खेचर. एकाच नावात शिवीही आहे आणि पदवीही. टिंगलीतून पडलेली जी आडनावं आज लोकांना अवघडवतात, त्यांच्या वाट्याला असा दुसरा अर्थ सहसा येत नाही. मग राजपत्रात नाव-बदलाची जाहिरात द्यावी लागते. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात ही जुनं नाव-नवं नाव अशी सदरं असतात. सलग वाचली तर एखाद्या कादंबरीपेक्षा जास्त कळतं: कुणाला जात लपवायची आहे, कुणाला फक्त हसणं थांबवायचं आहे, कुणाच्या नावात कारकुनाने एक काना जादा दिलेला आहे.

मराठवाड्यात कारकुनाच्या त्या कान्याला इतिहास आहे. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत हा मुलूख निजामाचा होता आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून राज्यकारभार उर्दूतून चालला. उर्दू लिपीत ळ नाही. मुळे आणि मुले, काळे आणि काले, रेळेकर आणि रेलेकर कागदावर एकच. शिवाय दप्तराला आडनाव हवं असायचंच असं नाही. नाव, मग 'वल्द', मग बापाचं नाव, जात, गाव. अमुक वल्द तमुक, साकिन शिरड. शेतसारा वसूल व्हायला एवढं पुरत होतं.

ही जुनी पद्धत अचानक हजारो घरांचा प्रश्न झाली ती २०२३मध्ये. मराठा आरक्षणाच्या मागणीवरून कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातली तहसील कार्यालयं, शाळा, भूमी अभिलेखाची दप्तरं उघडली. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. खासरा पाहणी पत्रक, जन्ममृत्यूचा गाव नमुना १४, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात, शाळेचा प्रवेश-निर्गम, १९५१ची राष्ट्रीय नोंदवही. नोंद सापडायची, तीवर जातही असायची, पण आडनाव नसायचं. 'रामा वल्द लक्ष्मण' हा आपलाच पणजोबा हे सिद्ध कसं करायचं? त्यासाठी वंशावळ, शेताचा गट, शेजाऱ्याचा बांध. २ सप्टेंबर २०२५ रोजी मुंबईत मनोज जरांगे यांचं उपोषण सुटताना हैदराबाद गॅझेटियरचा शासन निर्णय निघाला, त्यातही गावपातळीवरच्या समितीने कुळ आणि नातेसंबंध तपासायचे आहेत. आरक्षणाबद्दल ज्याचं जे मत असेल ते असो. पण आपलं आडनाव अनादी काळापासून आहे असं मानणाऱ्या पुष्कळ घरांना या शोधात कळलं की ते जेमतेम तीन-चार पिढ्यांचं आहे. त्याआधी आपण नुसते वल्द होतो.

आडनाव कागदावर कसं चढतं याचा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा दाखला मराठवाड्याबाहेरचा आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत एक मुलगा दाखल झाला. नोंद 'भिवा रामजी आंबेडकर'. घराणं सकपाळ, गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. एका शिक्षकाने आपलं आडनाव त्याला दिलं ही कथा घरोघरी सांगितली जाते, गावावरून पडल्याचं नातंही उघड दिसतं. वाद चालू राहील. रजिस्टरातली ती ओळ मात्र पक्की आहे, आणि तो दिवस राज्यात विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. हे आडनाव लावणारी कुटुंबं मूठभर, आणि ते उच्चारलं जात नाही असं गाव महाराष्ट्रात नाही. आडनाव 'लोकप्रिय' आहे म्हणजे नेमकं काय, ते किती जण लावतात की किती जण घेतात, हे कुठल्याही आकडेवारीने इथे सुटत नाही.

खुद्द हिंगोलीच्या खासदारांची यादी काढली तर या जिल्ह्याच्या आडनावांचे सगळे थर एकाखाली एक दिसतात. उत्तमराव राठोड आहेत, शिवाजी माने आहेत, सूर्यकांता पाटील आहेत, राजीव सातव आहेत. १९९१ साली निवडून आलेले विलासराव नागनाथराव गुंडेवार आहेत. हे पूर्ण नाव मला फार आवडतं. मधलं नाव औंढ्याच्या देवाचं, शेवटचं तेलुगू. तेलुगूत घराण्याचं नाव आधी येतं आणि त्याला आदराचं 'वारु' जोडलं जातं, म्हणजे अमुक घरची मंडळी. गोदावरीच्या खोऱ्यातून ही कुटुंबं मराठी मुलखात रुळली तेव्हा 'वारु'चा शेवटचा उकार गळाला आणि घराण्याचं नाव मराठी रिवाजाप्रमाणे मागे गेलं. नांदेडपासून चंद्रपूर-गडचिरोलीपर्यंत हे वारान्त पीक आहे; मुनगंटीवार, वडेट्टीवार ही त्यातली राज्याला माहीत असलेली. पुण्या-मुंबईकडच्या माणसाला ही आडनावं विचित्र वाटतात. हिंगोलीच्या बाजारपेठेत ती दुकानांच्या पाट्यांवर पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि घरात बोलणं मराठीच.

राजकारणातल्या 'कर'ची तऱ्हा आणखी वेगळी. वसमतचे माजी आमदार, साखर कारखानदारीतलं मोठं नाव जयप्रकाश दांडेगावकर. मूळ आडनाव साळुंके. निवडणुकीच्या कागदांवर दोन्ही दिसतात. हिंगोलीचे माजी आमदार भाऊराव पाटील गोरेगावकर, २०२४मध्ये खासदार झालेले नागेश पाटील आष्टीकर. पाटील एवढं म्हणून भागत नाही, कारण पाटील हा हुद्दा, तो प्रत्येक गावात आहे. साळुंके म्हणूनही भागत नाही. मतदाराला एकच माणूस दिसला पाहिजे, म्हणून गाव जोडायचं. जाणकार म्हणतील की दांडेगावात राहूनही दांडेगावकर, मग तुमचा नियम कुठे गेला? नियम तिथेच आहे. हे 'कर' दांडेगावासाठी नाहीत, वसमतच्या सभेसाठी आणि मुंबईच्या विधानभवनासाठी आहेत. दुर्मीळ आडनाव म्हणजे इथे मालमत्ता आहे. चारशे साळुंक्यांत दांडेगावकर एक.

हीच हुशारी गोव्यातल्या एका गायकाने शंभरेक वर्षांपूर्वी दाखवली. मंगेशीच्या देवळात अभिषेक करणाऱ्या घराण्यातल्या दीनानाथांनी गावाच्या आणि देवाच्या नावावरून मंगेशकर हे आडनाव घेतलं. एका पिढीत घडवलेलं आडनाव पुढच्या पिढीत जगभर गेलं, आणि तरी ते लावणारं घर मुख्यतः एकच राहिलं. तुर्कस्तानात तर हे कायद्याने केलं. १९३४ साली तिथे प्रत्येकाने आडनाव घेतलंच पाहिजे असा कायदा झाला, आणि त्याच वर्षी संसदेने मुस्तफा केमाल यांना 'अतातुर्क' हे आडनाव देऊन दुसऱ्या कुणी ते लावू नये अशी तजवीज केली. आपल्याकडे असा कायदा करायची वेळ आली नाही. वाणी, मास्तर, तलाठी आणि कोतवाल यांनी मिळून ते काम सावकाश उरकलं.

नामदेवांच्या नावाचं उत्तरेत जे झालं ते मात्र कुणीच ठरवलेलं नव्हतं. नामदेव पंजाबात गेले, गुरुदासपूरकडच्या घुमानला राहिले. गुरू ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदं आहेत. ८८वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन एप्रिल २०१५मध्ये तिथेच भरलं, आणि अध्यक्ष होते तुकोबांच्या वंशातले डॉ. सदानंद मोरे. पंजाब, राजस्थान, मध्य प्रदेशात छिंपा-छिपी, म्हणजे कापड रंगवणारे, छापणारे आणि शिवणारे समाज नामदेवांना आपला मानतात. त्यांतल्या पुष्कळांनी त्यांचं नावच आडनाव म्हणून घेतलं. हिंदी पडद्यावरचे सागरचे गोविंद नामदेव सर्वांना माहीत आहेत. म्हणजे रेळेकर हे घराण्याचं आडनाव महाराष्ट्रातल्या थोड्या घरांपुरतं राहिलं आणि नामदेव हे एका मुलाचं पाळण्यातलं नाव उत्तर भारतात आडनाव झालं. इकडे नर्सीनेही तेच लावलं. नर्सी नामदेव या गावाचं आणि गोविंद नामदेव या नटाचं आडनाव एकच आहे, असं म्हटलं तर नर्सीत कुणी हसणार नाही.

औंढा तालुक्यात सध्या आणखी एक नाव लागतं आहे. दुधाळ्याजवळच्या माळावर गुरुत्वीय लहरी पकडणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहत आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, एप्रिल २०२३मध्ये केंद्राने मंजूर केलेले सुमारे २,६०० कोटी रुपये. अमेरिकेत अशा दोन आहेत, आणि दोन म्हटल्यावर तीच अडचण: लायगो-हॅनफर्ड आणि लायगो-लिव्हिंग्स्टन. शास्त्रज्ञांच्या निबंधांत इथल्या यंत्राचा उल्लेख लायगो-औंढा असा येऊ लागला आहे. तिकडच्या लोकांनी आपली यंत्रं ओळखायला गाव जोडलं. त्यात नवं काही नाही, विसोबांच्या काळापासून इथे हेच चाललं आहे.

नव्या नियमाची गोष्ट सांगून थांबतो. १ मे २०२४ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या नावात शासकीय कागदांवर आईचं नाव लिहिणं राज्याने सक्तीचं केलं: आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. विवाहित स्त्रीसाठी जुनीच रीत ठेवली: तिचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. शिरड शहापूरच्या आरोग्य केंद्रात आज जन्मलेल्या पोराचा दाखला असा चार रकान्यांचा निघतो. या हिशेबाने नर्सीचा तो मुलगा 'नामदेव गोणाई दामाशेटी रेळेकर' होतो, आणि अभंगांतून गोणाईचा जो आक्रोश ऐकू येतो तो बघता हे नाव तिला पटलं असतं. राजाई 'राजाई नामदेव रेळेकर'. त्याच घरात आणखी एक बाई होती, गंगाखेडहून आलेली, दळण-कांडण करणारी. आईबापांची नावं परंपरेला ठाऊक आहेत, गावही ठाऊक आहे. गंगाखेडकर म्हणायला काहीच हरकत नव्हती. तिने स्वतःसाठी 'नामयाची दासी' एवढंच ठेवलं. चारपैकी कुठल्याच रकान्यात ते बसत नाही.